जिओफोन नेक्स्ट चवथीला येणार होता, दिवाळीवर का ढकलला? तुमचा अंदाज काय?

शाळाबाई_सत्तरी
१० सप्टेंबर २०२१, रात्री १०.४०

सगळ्यांना चवथीच्या शुभेच्छा. आरती झाली, पाहुणे गेले, आता जरा बसायला मिळालं म्हणून धागा काढते.

२४ जूनला रिलायन्सच्या वार्षिक सभेत मुकेश अंबानींनी सांगितलं की गूगलबरोबर केलेला जिओफोन नेक्स्ट हा स्मार्टफोन गणेश चतुर्थीला, म्हणजे आजच्या दिवशी बाजारात येणार. किंमत सांगितली नाही, फक्त अतिशय स्वस्त असेल एवढंच. आणि आता ऐन चवथीच्या तोंडावर निवेदन आलंय की मोजक्या लोकांना देऊन चाचणी सुरू केलीय, अजून सुधारणा चालू आहेत, दिवाळीपर्यंत सगळीकडे मिळेल, आणि या जास्तीच्या वेळामुळे जगभर सेमीकंडक्टरची, म्हणजे चिपची जी टंचाई आहे तिचाही त्रास थोडा कमी होईल.

मी गोव्यात सत्तरीला प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्याकडे वाड्यावर घरात एकच फोन आणि तो सकाळी बापाबरोबर कामाला जातो. मी सकाळी पाठवलेला व्हिडिओ पोरगं बघतं संध्याकाळी सातला, तोवर बॅटरी संपत आलेली. त्यामुळे जूनपासून पालकांचं एकच, टीचर तो फोन केन्ना येतलो. काही जणांनी काजूच्या पैशांतले थोडे बाजूला काढून ठेवलेत याच्यासाठी. आता त्यांना काय सांगू? चिपची टंचाई हे खरं कारण की दुसरंच काही आहे? ज्यांना या धंद्यातलं कळतं त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

म्हापशेकर_मोबाईल
१० सप्टेंबर, रात्री ११.१५

टीचर, माझं म्हापशाला मोबाईलचं दुकान आहे, तर दुकानातून काय दिसतं ते सांगतो. नवा फोन येणार असला की दोन तीन आठवडे आधी हालचाल सुरू होते, डमी पीस येतात, स्टँडी येते, स्कीमचं सर्क्युलर येतं, दुकानदाराचं मार्जिन किती ते कळतं, डिस्ट्रिब्युटर मागे लागतो की किती बॉक्स उचलणार. या फोनचं ऑगस्ट संपला तरी काहीच नाही. डमी नाही की मार्जिन नाही, आणि किंमत तर कोणालाच माहीत नाही. पेपरात ३,४९९ चा आकडा फिरतोय तोच गिऱ्हाईक मला सांगतं, मी त्याला काय सांगणार. म्हणजे तारीख पुढे गेली ही बातमी तुम्हाला आज कळली, पण बाजारात ती पंधरा दिवस आधीच दिसत होती. कारण मात्र मला ठाऊक नाही, चिपांबद्दल इथले इंजिनियर लोक बोलतील.

वेर्णा_शिफ्ट
११ सप्टेंबर, सकाळी ७.०५

टंचाई शंभर टक्के खरी आहे, बहाणा म्हणून सोडून देऊ नका. मी इलेक्ट्रॉनिक्समध्येच आहे वेर्ण्याला, आणि साधा पॉवरचा एक आयसी, म्हणजे छोटी चिप, मिळेना म्हणून पूर्ण लाईन थांबलेली या वर्षी मी डोळ्यांनी बघितलीय. मारुतीने ३१ ऑगस्टलाच सांगितलंय की सप्टेंबरमधलं उत्पादन नेहमीच्या ४० टक्क्यांच्या आसपास राहील, कारण चिप. महिंद्राचीही तीच रड.

झालं काय ते थोडक्यात. २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे गाडीवाल्यांनी ऑर्डरी काढून घेतल्या, त्याच वेळी घरून काम आणि घरून शाळा यामुळे लॅपटॉप टॅबचा खप एकदम वाढला, कारखान्यांनी आपली क्षमता तिकडे दिली. मग गाड्यांची मागणी परत आली तेव्हा जागाच शिल्लक नव्हती. त्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससमध्ये थंडीने वीज गेली, सॅमसंगचा ऑस्टिनचा कारखाना बंद पडला. मार्चमध्ये जपानमध्ये रेनेसासच्या नाका इथल्या कारखान्याला आग लागली. आता मलेशियात लॉकडाऊन, आणि चिप कापून पॅक करायचं बरंच काम तिकडेच होतं.

आता महत्त्वाचं. जे लीक झालंय त्याप्रमाणे या फोनमध्ये क्वालकॉमचा २१५ प्रोसेसर आहे, म्हणजे २८ नॅनोमीटरवर बनणारी चिप, हा आकडा जितका मोठा तितकं तंत्रज्ञान जुनं. लोकांना वाटतं जुनं तंत्रज्ञान म्हणजे मुबलक मिळत असेल. उलट आहे. बहुतेक नवी गुंतवणूक ५ आणि ७ नॅनोमीटरमध्ये चाललीय, कारण नफा तिथे आहे. जुन्या लाईनी आहेत तेवढ्याच, आणि त्यांच्यावर राऊटरवाले, टीव्हीवाले, गाडीवाले सगळेच तुटून पडलेत. शिवाय फोन म्हणजे नुसता प्रोसेसर नव्हे, डिस्प्ले चालवणारी चिप आणि चार्जिंगची चिप त्याहून जुन्या लाईनींवर बनते. त्यातली एक जरी आली नाही तरी बाकीचा माल गोदामात पडून.

डिचोलीचा_पोरगा
११ सप्टेंबर, सकाळी ९.३०

पण मग शाओमी, रियलमी, सॅमसंग हे दर महिन्याला नवीन फोन कसे काढतायत? त्यांना चिप मिळते आणि भारतातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीला मिळत नाही? गूगलने गेल्या वर्षी जिओमध्ये ३३,७३७ कोटी घातलेत, पैशांची तर अडचण नसणार. मला नाही पटत.

वेर्णा_शिफ्ट
११ सप्टेंबर, दुपारी १२.२०

प्रश्न बरोबर आहे तुझा. दोन गोष्टी बघ. एक, शाओमीसारखे लोक वर्षानुवर्षं माल उचलतायत, त्यांच्याकडे सात हजारापासून सत्तर हजारापर्यंत फोन आहेत, एक चिप नाही मिळाली तर दुसऱ्या मॉडेलवर जातात, किंमत पाचशेने वाढवतात आणि गप्प बसतात. इथे मॉडेल एकच, आणि ते सुद्धा पहिल्याच दिवशी प्रचंड संख्येने लागणार.

दुसरी गोष्ट किंमत. समजा भागांचा खर्च दोनशे रुपयांनी वाढला. चाळीस हजाराच्या फोनमध्ये तो अर्धा टक्का, कोणाला कळत पण नाही. चार हजाराच्या फोनमध्ये तोच पाच टक्के झाला, आणि एवढ्या स्वस्त फोनमध्ये मुळात पाच टक्के नफा तरी असतो का विचार कर. म्हणजे चिप पैसे टाकून मिळेल, पण तेवढे पैसे टाकले की फोन स्वस्त राहत नाही. माझ्या मते टंचाई अशी अंगावर आलीय.

मडगाव_हिशेब
११ सप्टेंबर, संध्याकाळी ६.४५

वेर्णा_शिफ्ट यांच्या शेवटच्या दोन वाक्यांना +१, सगळी गोष्ट तिथेच आहे. मी पतसंस्थेत कर्ज आणि वसुली बघतो त्यामुळे मला हा फोनचा प्रश्न वाटतच नाही, कर्जाचा वाटतो.

हा फोन कोणासाठी आहे? अंबानी स्वतः सांगतात देशात ३० कोटी लोक अजून टूजीवर आहेत, त्यांच्यासाठी. ते टूजीवर का राहिलेत? एकरकमी पाच सात हजार काढणं जमत नाही म्हणून. मग फोन ३,५०० ला बनत नसेल तर मार्ग दोनच, एक म्हणजे कंपनीने फरक स्वतःच्या खिशातून भरायचा, दुसरा म्हणजे हप्ते करून द्यायचे. कोट्यवधी फोनांवर फरक भरणं जिओलाही परवडणार नाही. राहिले हप्ते. आणि ज्याचा कर्जाचा काही रेकॉर्डच नाही अशा माणसाला पाच हजाराचं कर्ज द्यायला कागदपत्रं, तपासणी, वसुली यांचा खर्च जवळजवळ पन्नास हजाराच्या कर्जाएवढाच येतो, व्याज मात्र दहावा हिस्सा. कुठलाही फायनान्सवाला याला पटकन हो म्हणत नाही, बुडीत कोण सोसणार यावर महिनोन् महिने बैठका होतात. माझा अंदाज असा की फोन तयार आहे, चाचणीही चालू असेल, पण हप्त्याची बोलणी पूर्ण झालेली नाहीत. निवेदनात ते कोणी लिहिणार नाही.

शाळाबाई_सत्तरी
११ सप्टेंबर, रात्री ९.१०

हिशेब भाऊ, तुमचं पटतंय. आमच्या पालकांचं अगदी हेच आहे, महिन्याला तीनशे चारशे जमतात पण एकदम पाच हजार म्हटलं की सोसायटीतून उचल घ्यावी लागते. फक्त एक कळलं नाही, हप्त्याची व्यवस्था झाली नव्हती तर जूनमध्ये तारीख जाहीर कशाला केली?

जर्सीकर
१२ सप्टेंबर, पहाटे ४.३०

नमस्कार मंडळी, मूळचा पेडण्याचा, सध्या न्यू जर्सीत. टीचर, तुमचा प्रश्न वाचून मला दहा वर्षांपूर्वीचं सगळं आठवलं. इथे अमेरिकेत फोन बहुतेक लोक मोबाईल कंपनीकडूनच घेतात त्यामुळे फोन कधी येणार हे फोन बनवणारा नाही, नेटवर्कवाला ठरवतो.

२०११ साली गूगल आणि सॅमसंगचा गॅलेक्सी नेक्सस आला, अँड्रॉइड ४.० असलेला पहिला फोन. १९ ऑक्टोबरला हाँगकाँगमध्ये जाहीर झाला, १७ नोव्हेंबरला इंग्लंडात विकायला लागला. अमेरिकेत तो व्हेरायझनकडे येणार होता, आणि व्हेरायझन तारीखच सांगेना. आम्ही सगळे रोज रात्री तेच बोलायचो. कोणी म्हणे सॉफ्टवेअरमध्ये बग आहे. कोणी म्हणे त्यांनी ११ नोव्हेंबरला मोटोरोलाचा ड्रॉइड रेझर काढलाय आणि १४ ला एचटीसीचा रेझाउंड, दोन्हींवर जाहिरातीचा पाण्यासारखा पैसा घातलाय, आधी ते खपू दे असा विचार असेल. मग डिसेंबरच्या सुरुवातीला बाहेर आलं की व्हेरायझनला त्यात गूगल वॉलेट, म्हणजे फोनने पैसे भरायची सोय, नकोय. त्यांचं म्हणणं, वॉलेट हे साध्या ॲपसारखं नाही, ते फोनमधल्या सुरक्षित हार्डवेअरशी जोडावं लागतं. पण त्याच वेळी व्हेरायझन, एटी अँड टी आणि टी-मोबाईल मिळून स्वतःची पेमेंट कंपनी उभी करत होते, आयसिस नावाची. शेवटी १५ डिसेंबरला फोन आला, दोन वर्षांच्या करारावर २९९ डॉलर, आणि वॉलेट त्यात नव्हतं.

उशीर नक्की वॉलेटमुळेच झाला हे व्हेरायझनने कधी कबूल केलं नाही. पण मी तेव्हापासून एक बघत आलोय. नेटवर्क कंपनी फोन अडवून धरते तेव्हा कारण विचारून मिळत नाही. फोन हातात येईल त्या दिवशी बघायचं की जाहीर केलं होतं त्यातलं काय गायब झालंय आणि काय नवीन चिकटलंय, कारण तिथे सापडतं. दिवाळीला तुम्हीही तसं बघा.

आणि जूनमध्ये तारीख का जाहीर केली, तर ती वार्षिक सभा होती, समोर शेअरवाले होते. त्यांना तारीख लागते.

फोंड्याचे_काका
१२ सप्टेंबर, सकाळी १०.००

हप्त्याचा विषय निघाला म्हणून लिहितो, तरुण मंडळींना हे माहीत नसेल. २००३ साली मी पुण्यात नोकरीला होतो. त्या वर्षी जुलैमध्ये रिलायन्स इन्फोकॉमने मान्सून हंगामा नावाची योजना आणली, ५०१ रुपये भरा आणि सीडीएमए फोन घरी न्या, बाकी महिन्याच्या बिलातून. तेव्हा मोबाईल ही मोठ्या लोकांची वस्तू होती. आमच्या ऑफिसचा शिपाई, खालचा भाजीवाला, सगळ्यांच्या हातात महिन्याभरात फोन. माझ्या आयुष्यात एवढा मोठा बदल एवढ्या झटपट झालेला मी दुसरा बघितला नाही आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण नंतर लोकांनी बिलं भरली नाहीत, हप्ते बुडाले, कंपनीला मोठा फटका बसला. तो धंदा पुढे २००५ च्या वाटणीत मुकेश अंबानींच्या धाकट्या भावाकडे, अनिलकडे गेला, पण योजना थोरल्याच्या काळातली.

म्हणून मी मडगावच्या हिशेबवाल्यांशी सहमत आहे. ज्याने एकदा ५०१ मध्ये फोन वाटून हात पोळून घेतले तो यावेळी वसुलीची सोय केल्याशिवाय एक पीस बाहेर सोडणार नाही. २०१७ चा साधा जिओफोन आठवा, तिथे १,५०० रुपये आधी अनामत घेतली होती, तीन वर्षांनी परत देण्याच्या बोलीवर. २०१८ ला जुना फोन द्या आणि ५०१ मध्ये जिओफोन न्या ही योजना काढली तिला नाव पुन्हा मान्सून हंगामाच दिलं होतं.

म्हापशेकर_मोबाईल
१२ सप्टेंबर, दुपारी १.३०

काका बरोबर. २०१७ च्या फोनलाही उशीर झालेला, ऑगस्टमध्ये ५०० रुपये घेऊन बुकिंग केलं, इतकी गर्दी झाली की बुकिंग बंद करावं लागलं, आणि फोन मिळायला नवरात्र दिवाळी उजाडली. माझ्या दुकानात रोज लोक पावती घेऊन विचारायला यायचे. यावेळी आधी पैसे घेतले नाहीत हे चांगलं केलं.

डिचोलीचा_पोरगा
१६ सप्टेंबर, रात्री ८.००

एक वेगळी थिअरी. काल केंद्राने टेलिकॉमचं पॅकेज जाहीर केलं, एजीआरच्या, म्हणजे कंपन्यांनी महसुलातून सरकारला द्यायच्या वाट्याच्या थकबाकीला चार वर्षांची सवलत. ऑगस्टमध्ये कुमार मंगलम बिर्ला व्होडाफोन आयडियाचं अध्यक्षपद सोडून गेले तेव्हा सगळे म्हणत होते ती कंपनी आता बंद पडणार. बंद पडली असती तर तिची गिऱ्हाइकं आपोआप जिओ एअरटेलकडे आली असती, मग जिओने स्वतःचे पैसे घालून स्वस्त फोन कशाला विकायचा? म्हणून थांबले असतील की आधी सरकार काय करतं ते बघू. आता चार वर्षं तरी व्होडाफोन जाणार नाही म्हटल्यावर दिवाळीला फोन नक्की येणार बघा.

मडगाव_हिशेब
१६ सप्टेंबर, रात्री ९.२५

डोकं चांगलं चालवलंस पण मला जुळत नाही. तारीख पुढे ढकलली पॅकेजच्या आधी आणि तेव्हाच दिवाळी सांगून मोकळे झाले. सरकारची वाट बघणारा माणूस पुढची तारीख देत नाही. तुझ्या बाजूने एक मुद्दा मात्र आहे, टूजीवाल्यांना आता धक्के बसायला लागलेत. एअरटेलने जुलैअखेर ४९ चा सर्वात स्वस्त प्लॅन काढून ७९ वर नेला. ज्याला नुसतं इनकमिंगसाठी महिन्याला ७९ मोजावे लागतात तो विचार करतोच की शंभर सव्वाशेत इंटरनेटही मिळतंय तर का नको. म्हणजे वेळ थांबण्याची नव्हतीच, हा तर फोन काढायचा सर्वात चांगला मुहूर्त होता. तो हातचा घालवला म्हणजे काहीतरी खरोखर अडलं होतं.

शाळाबाई_सत्तरी
१७ सप्टेंबर, सकाळी ६.५०

सगळ्यांचे आभार, किती नवीन कळलं. मला एका गोष्टीची जास्त काळजी वाटतेय आणि ती फोन आल्यावर सुटेल असं नाही. जिओचं नेटवर्क सगळं फोरजी, खाली टूजी थ्रीजी नाहीच, म्हणजे जिथे त्यांची फोरजी रेंज नाही तिथे साधा कॉलसुद्धा लागत नाही. आमच्याकडे आतल्या वाड्यांवर अजून अशी घरं आहेत की मोठी मुलं पुस्तक छत्री घेऊन डोंगरावर जाऊन बसतात, एका खडकावर रेंज येते म्हणून. सांगेतही तेच, काणकोणातही. टॉवर आणायचा म्हटलं की ग्रामसभेत विरोध, रेडिएशनची भीती, जागेचा वाद, आणि ज्यांच्या घरी फायबरचं इंटरनेट आहे तेच विरोधात सर्वात पुढे. हे मला फार लागतं. फोन स्वस्त करणं कंपनीच्या हातात आहे पण टॉवर आपल्या पंचायतीच्या हातात आहे.

आणि दुसरं, जूनमध्ये सांगितलेलं की स्क्रीनवरचं वाचून दाखवणार आणि भाषांतर करणार. ज्या आयांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी हे फार मोठं आहे. मराठी हिंदी होईल. पण आमच्या कितीतरी घरांतली आई कोंकणीच बोलते आणि गूगल ट्रान्सलेटमध्ये कोंकणी अजून नाही. कोणीतरी हे गूगलला कळवायला हवं, मी माझ्या परीने ॲपमधून फीडबॅक पाठवलाय, तुम्हीही पाठवा.

वेर्णा_शिफ्ट
१७ सप्टेंबर, दुपारी २.००

पाठवला. टॉवरबद्दल एवढंच सांगतो, टॉवर जितका लांब तितका तुमचा फोन जास्त ताकद लावून सिग्नल फेकतो, म्हणजे फोन जास्त तापतो, बॅटरी लवकर संपते आणि कानाजवळची किरणंही त्याच फोनमधून जास्त निघतात. जवळ टॉवर असणं उलट बरं. हे ग्रामसभेत कोणी शांतपणे समजावून सांगितलं तर लोक ऐकतील असा माझा विश्वास आहे. बोलवत असाल तर मी येईन सत्तरीला.

म्हापशेकर_मोबाईल
२६ ऑक्टोबर, रात्री १०.३०

धागा वर काढतो. काल कंपनीने फोन कसा बनला त्याचा व्हिडिओ टाकलाय. प्रोसेसर क्वालकॉमचाच, सॉफ्टवेअरला नाव प्रगती ओएस, अँड्रॉइडवरच आधारलेलं. तिरुपती आणि श्रीपेरुंबुदूरला बनतोय. किंमत अजून नाही!! दिवाळीला दहा दिवससुद्धा राहिले नाहीत.

म्हापशेकर_मोबाईल
२९ ऑक्टोबर, रात्री ९.००

आली किंमत. रोख ६,४९९. किंवा आता १,९९९ भरा आणि बाकी हप्त्यांनी, १८ किंवा २४ महिने. वर ५०१ प्रोसेसिंग फी. दिवाळीपासून मिळणार. २ जीबी रॅम, ३२ जीबी, साडेपाच इंचाच्या आसपास स्क्रीन, मागे १३ मेगापिक्सेल, बॅटरी ३,५००.

दुकानदार म्हणून बोलतो, रोख ६,४९९ ही किंमत मला नाही कळली. रेडमी ९ए गेल्या वर्षी ६,७९९ ला आलेला, एवढीच रॅम एवढीच मेमरी, आणि स्क्रीन मोठी, बॅटरी ५,०००. तीनशेच्या फरकासाठी गिऱ्हाईक हा का घेईल?

फोंड्याचे_काका
२९ ऑक्टोबर, रात्री ९.४०

प्रोसेसिंग फी ५०१!

मडगाव_हिशेब
२९ ऑक्टोबर, रात्री ११.०५

बसून हिशेब केला. हप्ता म्हणतात त्यात नुसता फोन नाही, रिचार्जसुद्धा धरलंय, आणि हेच समजून घ्यायचंय. सर्वात खालचा प्लॅन २४ महिने ३०० रुपये, त्यात महिन्याला ५ जीबी आणि १०० मिनिटं. म्हणजे ७,२०० अधिक १,९९९ अधिक ५०१, एकूण ९,७००. अठरा महिन्यांचा घेतला तर ३५० प्रमाणे ६,३०० अधिक २,५००, एकूण ८,८००. रोज दीड जीबीवाला घेतला तर २४ महिने ४५०, म्हणजे १०,८०० अधिक २,५००, एकूण १३,३००.

आता टीचर तुमच्या पालकांसाठी. ३०० वाला प्लॅन मुलाच्या शाळेला पुरणार नाही, महिन्याला ५ जीबी म्हणजे दिवसाला पावणेदोनशे एमबीच्या आसपास, थोडेसे व्हिडिओ बघितले की संपलं. शाळेसाठी घ्यायचा तर ४५० वाला, आणि मग तेरा हजार. त्यातला फोनचा भाग कोणता आणि रिचार्जचा कोणता हे वेगळं करून कुठेच दाखवलेलं नाही.

जर्सीकर
३० ऑक्टोबर, पहाटे ५.१५

काय गायब झालं आणि काय चिकटलं ते बघा म्हटलं होतं ना. गायब झाली ती स्वस्त किंमत. चिकटला तो दोन वर्षांचा करार. भारतात फोन आणि नेटवर्क बहुतेक करून वेगवेगळं विकलं गेलं, तुम्ही पाहिजे तो फोन घ्या, पाहिजे ते सिम घाला, मला त्याचं नेहमी कौतुक वाटायचं. इथे अमेरिकेत वर्षानुवर्षं फोन स्वस्त दिसायचा कारण दोन वर्षं त्याच कंपनीला बांधलेलं असायचं. आता तुमच्याकडे अगदी खालच्या वर्गाला तोच मार्ग दाखवलाय. मला वाटतं जूनपासून ऑक्टोबरपर्यंत हेच चाललं होतं, चिप महाग झाली, ३,५०० चा फोन अशक्य झाला, मग सगळी रचना हप्त्यावर आणायला चार महिने गेले.

वेर्णा_शिफ्ट
३० ऑक्टोबर, सकाळी ८.२०

जर्सीकर, क्रम तुम्ही अगदी बरोबर लावलात, आधी चिप मग किंमत मग हप्ता. मी फक्त एवढं म्हणेन की चाचणी चालू होती हेही खोटं नसावं. २ जीबीत नवीन अँड्रॉइड, वर वाचून दाखवणं आणि भाषांतर, हे न अडखळता चालवणं सोपं काम नाही, त्याला महिने लागतातच. निवेदनात जे लिहिलं होतं ते खरंच होतं, पण त्यात सर्वात मोठं कारण नव्हतं.

डिचोलीचा_पोरगा
३० ऑक्टोबर, सकाळी १०.१०

दोन सिम आहेत ना त्यात? मग दुसऱ्या कंपनीचं सिम घालून नेट वापरता येईल का? टीचरांच्या वाड्यावर दुसऱ्याच कंपनीची रेंज असेल तर?

म्हापशेकर_मोबाईल
३० ऑक्टोबर, सकाळी ११.००

सिम बसेल, पण डेटा फक्त जिओच्या सिमवर चालणार असं आलंय. म्हणून घेण्याआधी आपल्या घरात जिओ सिम घातलेला कोणाचाही फोन आणून बघायचा, अंगणात नव्हे, पोरगं जिथे बसून शिकणार त्या खोलीत. आणि दुकानात जाऊन लगेच मिळणार नाही, आधी वेबसाईटवर किंवा व्हॉट्सॲपवर नाव नोंदवायचं, मेसेज आला की जिओमार्ट डिजिटलच्या दुकानातून घ्यायचा.

शाळाबाई_सत्तरी
७ नोव्हेंबर २०२१, सकाळी ११.३०

दिवाळी झाली, परवा नरकासुराची राख झाडून पोरं पुन्हा अभ्यासाला लागली. काल पालकांची छोटी बैठक घेतली आणि तुमचे सगळ्यांचे मुद्दे, हिशेबासकट, फळ्यावर लिहून दाखवले. १३,३०० चा आकडा बघून बाया एकदम गप्प झाल्या, मग एकीने विचारलं, मगे टीचर रोख घेतिल्लो बरो न्ही? मी म्हटलं होय, रोख जमत असेल तर रोखच, आणि रोख घ्यायचा तर मग हाच का, शेजारी रेडमीही ठेवून बघा.

ठरलं ते असं. ज्यांच्या घरात जिओची रेंज चांगली आहे आणि रोख जमणारच नाही अशी दोन तीन घरं आहेत, ती १८ महिन्यांचा प्लॅन घेणार, २४ चा नाही. बाकीचे महिला मंडळाच्या गटातून बिनव्याजी उचल घेऊन दुसऱ्या कंपनीचा साधा फोन रोखीने घेणार. आतल्या वाड्यांचं मात्र काहीच ठरलं नाही कारण तिथे कुठलाच फोन चालत नाही. त्यासाठी या महिन्याच्या ग्रामसभेत टॉवरचा विषय अजेंड्यावर घ्यायचं पत्र दिलंय, सह्या पंचायत सदस्यासकट मिळाल्या. वेर्णा_शिफ्ट, तुम्ही येतो म्हणाला होता ते मी धरून चाललेय. तारीख ठरली की इथेच टाकते, रविवारच असेल, जेवायला आमच्याकडे.

म्हापशेकर भाऊ, एकदम सात आठ फोन घेतले तर काही कमी होईल का ते सांगा. आणि चार्जरची वायर जास्तीची लागेल, आमच्याकडे प्लग वर भिंतीला असतात.

म्हापशेकर_मोबाईल
७ नोव्हेंबर, दुपारी १२.१०

टीचर, फोनवर माझं मार्जिन फार थोडं असतं पण मुलांसाठी आहे म्हणून मी ते सगळं सोडतो, खरेदीच्या भावात देतो. कव्हर, ग्लास आणि लांब वायर माझ्याकडून. कुठलं मॉडेल ते ठरवून आधी दोन दिवस कळवा, सात पीस एकदम स्टॉकला नसतात सध्या, पणजीहून मागवावे लागतील. वाळपईला मीच गाडीने आणून देईन, सगळे फोन तिथेच चालू करून, मराठी कीबोर्ड घालून देतो.